इंजिनांची यादी बाजूला ठेव

पोरी,

तुझा रेल्वेवरचा ‘वाफेकडून विजेकडे’ हा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण सुरुवातीची सगळी पानं इंजिनांच्या नावांत आणि अश्वशक्तीत गेली आहेत. गाडी कुठे थांबायची आणि का, हे एकदाही सापडलं नाही. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं, कोळसा लागायचा, राख काढायला जागा लागायची. म्हणून थांबावंच लागे, आणि अशा मोठ्या थांब्यांवर लोको शेड (इंजिनं ठेवायची-दुरुस्त करायची जागा) आली, रनिंग रूम (गाडीवरच्या माणसांची विश्रांतीची जागा) आली, चाळी आल्या. त्या थांब्यांचं पुढे काय झालं, ते लिही.

इगतपुरीच घे. थळ घाटातली लाइन 1 जानेवारी 1865 ला सुरू झाली. चढ 37 फुटांना एक फूट, म्हणून कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारं जादा इंजिन, लागतो आणि इगतपुरीला सुटतो. 1930 पर्यंत मुंबईकडून इंजिनांना वीज देणारी 1,500 व्होल्ट डीसीची तार इगतपुरीपर्यंत आली आणि तिथेच अडली. एवढ्या कमी व्होल्टेजवर जड गाडी ओढायची तर करंट जास्त, म्हणजे तार जाड आणि सबस्टेशनं जवळजवळ. घाटासाठी तो खर्च झेपला. भुसावळपर्यंत कोण करणार? 1957 मध्ये रेल्वेने 25,000 व्होल्ट एसी स्वीकारलं, त्यानंतर तार पुढे सरकली. पण दोन्हीकडची वीज वेगळी, म्हणून बहुतेक गाड्यांचं इंजिन इगतपुरीला बदलायचं, ते थेट 2006 पर्यंत. इगतपुरीच्या वड्याचं नाव झालं ते याच खोळंब्यामुळे, असं माझं मत. 2019 मध्ये नाशिकमार्गे सुरू झालेल्या राजधानीला पुढे-मागे इंजिनं लावली आणि तिचा बँकरसाठीचा थांबाही गेला. वडेवाल्यांकडे जाऊन बस एकदा. रेल्वेच्या फायलीत ही बाजू मिळायची नाही.

आता तुझी शाखा लाइन. ‘वाफेकडून विजेकडे’ हे शीर्षक मनमाडला लागू पडत नाही. दौंडची लाइन 1878 ची, ब्रॉडगेज; औरंगाबादकडची निजामाची, मीटर गेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांची. मेन लाइनवर विजेची इंजिनं धावत होती तेव्हा त्याच स्टेशनात मीटर गेजवर वाफ धुमसत होती. तार आधी जाते ती रहदारी असेल तिथे. शाखांना मध्ये डिझेलचा मोठा काळ काढावा लागला. शिवाय मनमाडला गेज बदलायचं, म्हणजे माल एका वॅगनमधून दुसरीत हमालांच्या पाठीवरून जायचा. 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झालं आणि ते काम संपलं. त्यात विजेचा काही संबंध नव्हता! तुझ्या मसुद्यात हमाल नाहीतच.

वाफेच्या इंजिनांवरच्या जुन्या फायरमनना भेटशील तेव्हा ‘कसं वाटायचं?’ विचारू नकोस; सगळे एकच छापील उत्तर देतात. पाणी कुठे भरायचात, राख कुठे काढायचात, घाटातल्या बोगद्यात तोंडाला काय बांधायचात, असं विचार. आणि वाफेच्या आठवणींनी फार हळवी होऊ नकोस. शिट्टी लांबून गोड लागते, फायरबॉक्ससमोर उभं राहून कोळसा टाकणाऱ्याला नाही.

1883 चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर माझ्याकडे आहे, घेऊन जा. घाटाच्या बांधकामाची माहिती त्यात मिळेल. पण आधी मनमाडचा भाग नव्याने लिहून पाठव. इंजिनांची यादी ठेवायचीच असेल तर परिशिष्टात टाक.

तुझा,
काका