विखंडन मोजताना आणि गणितात बसवताना : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

विखंडन म्हणजे जड अणुकेंद्र दोन तुकड्यांत फुटणं. त्याबद्दलचे या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच जागी अडतात: यंत्राने दिलेला आकडा कुठे संपतो आणि आपण गृहीत धरलेलं मॉडेल कुठे सुरू होतं. लांब उत्तराचे प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न : सिलिकॉन डिटेक्टर अमेरिशियम-२४१ च्या अल्फा रेषेवर (ठरावीक ऊर्जेच्या अल्फा कणांवर) कॅलिब्रेट केला. त्यावर कॅलिफोर्नियम-२५२ चे विखंडन-तुकडे पाहिले, तर दोन्ही शिखरं कमी ऊर्जेला दिसतात आणि जड तुकड्यांचं शिखर जास्तच खाली येतं. स्रोत खराब आहे का?

स्रोत खराब असूही शकेल, पण आधी कॅलिब्रेशनवर संशय घ्या. ५.४८६ एमईव्हीच्या (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट, ऊर्जेचं एकक) एका रेषेवरून १०० एमईव्हीपर्यंत सरळ रेष ओढायची, हीच मुळात जोखीम. शिवाय अल्फा कण आणि विखंडन-तुकडा यांनी सारखी ऊर्जा दिली तरी डिटेक्टरमधली पल्स (विद्युत-संकेत) सारखी येत नाही. तुकड्याच्या मार्गावर इलेक्ट्रॉन-होल जोड्यांची (सुटा इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा) गर्दी इतकी दाट असते की त्यातल्या काही विद्युतक्षेत्राने ओढल्या जाण्याआधीच एकमेकींत विरतात. थोडी ऊर्जा पुढच्या मृत थरात (जिथून संकेत मिळत नाही) जाते, थोडी सिलिकॉनच्या अणुकेंद्रांना धक्के देण्यात खर्च होते आणि तिची पल्स बनत नाही. ही एकूण तूट काही एमईव्हींची असते आणि तुकडा जड असेल तशी वाढते. म्हणूनच तुमचं जड शिखर जास्त घसरलं आहे.

यावर १९६०च्या दशकापासून स्मिट आणि सहकाऱ्यांचं सूत्र वापरतात. त्यात पल्सशी वस्तुमानही जोडलेलं आहे:

ऊर्जा = (अ + आ × व) × प + इ + ई × व

यात प म्हणजे पल्सची उंची (चॅनेल, म्हणजे स्पेक्ट्रममधला क्रमांक), व म्हणजे तुकड्याचं वस्तुमान, ऊर्जा एमईव्हीमध्ये. कॅलिफोर्नियम-२५२ च्या हलक्या शिखराचा चॅनेल ह आणि जड शिखराचा ज असेल तर

अ = २४.०२०३ ÷ (ह − ज)
आ = ०.०३५७४ ÷ (ह − ज)
इ = ८९.६०८३ − अ × ह
ई = ०.१३७० − आ × ह

पडताळा लगेच घेता येतो. हलक्या शिखरावर वस्तुमान १०६ धरलं तर सुमारे १०४ एमईव्ही यायला हवेत, जड शिखरावर १४२ धरलं तर सुमारे ८०. तसं आलं नाही तर ह आणि ज यांची अदलाबदल झाली आहे का ते पाहा; ही चूक नेहमीची आहे.

मग स्पेक्ट्रमचा आकार तपासा. चांगल्या डिटेक्टरात हलकं शिखर मधल्या दरीच्या साधारण २.९ पट उंच असतं, जड शिखर २.२ पट. दरी भरलेली दिसली तर तीन शक्यता: स्रोताचा थर जाड आहे, बायस व्होल्टेज (डिटेक्टरला दिलेला विद्युतदाब) कमी पडतोय, किंवा डिटेक्टर म्हातारा झाला आहे. बायस पायरीपायरीने वाढवा आणि शिखरं सरकायची थांबतील तिथे थांबा. पण उत्पादकाची कमाल मर्यादा ओलांडू नका. दर चौरस सेंटिमीटरवर १० कोटींच्या घरात तुकडे पडले की गळती-प्रवाह वाढू लागतो आणि शिखरं पसरतात. तो डिटेक्टर नंतर अल्फा मोजायला चालेल, तुकड्यांसाठी नाही.

एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी: उघडा कॅलिफोर्नियम स्रोत स्वतःचेच अणू उडवत राहतो आणि ते समोरच्या डिटेक्टरवर जाऊन बसतात. स्रोत काढल्यावरही डिटेक्टरमध्ये तुकडे मोजले जात असतील तर कारण हेच. स्रोतावर अगदी पातळ झाकण-थर असावा आणि त्यात जाणारी ऊर्जा हिशेबात धरावी.

प्रश्न : दुहेरी फ्रिश-ग्रिड आयनन चेंबरमध्ये (मधल्या नमुन्याच्या दोन्ही बाजूंना जाळी आणि अॅनोड असलेला वायूचा डिटेक्टर) दोन्ही तुकड्यांच्या ऊर्जा मिळतात. त्यांवरून वस्तुमान काढलं तर वक्र गुळगुळीत येतो, बारीक शिखरं दिसत नाहीत. कुठे चुकतंय?

बहुधा काही चुकत नाही. या पद्धतीची मर्यादाच तेवढी आहे. तरी पायऱ्या एकदा तपासून घ्या.

पहिली पायरी कोनाची. तिरका निघालेला तुकडा नमुन्याच्या थरातून जास्त अंतर कापतो. अॅनोड आणि ग्रिडच्या सिग्नलवरून कोसाइन काढा, सरासरी पल्स १ ÷ कोसाइन विरुद्ध मांडा आणि सरळ रेष शून्यापर्यंत न्या. शून्य जाडीची पल्स मिळेल. ०.५ पेक्षा कमी कोसाइनच्या घटना सरळ टाकून द्या. आधाराच्या फॉइलमधून जाणाऱ्या तुकड्याची दुरुस्ती वेगळी करावी लागते. म्हणूनच फॉइल ३० ते ५० मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतकी पातळ ठेवतात.

दुसरी पायरी संवेगाची. न्यूट्रॉन सुटण्याआधी दोन्ही तुकड्यांचे संवेग समान असतात, म्हणून एका तुकड्याचं वस्तुमान = एकूण वस्तुमान × दुसऱ्याची ऊर्जा ÷ दोन्हींची बेरीज. युरेनियम-२३६ साठी १०० आणि ७० एमईव्ही आल्या तर हलका तुकडा ९७, जड १३९.

तिसरी पायरी सगळ्यात नाजूक. चेंबरला दिसते ती न्यूट्रॉन सुटून गेल्यानंतरची ऊर्जा. न्यूट्रॉन सरासरीने सगळ्या दिशांना सारखे सुटतात, म्हणून वेग तोच राहतो आणि ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात घटते. आधीची ऊर्जा = मोजलेली × वस्तुमान ÷ (वस्तुमान − न्यूट्रॉनसंख्या). त्या ऊर्जेवरून वस्तुमान पुन्हा काढा, त्याला जुळणारी न्यूट्रॉनसंख्या पुन्हा घ्या, आणि फरक ०.१ वस्तुमान-एककाखाली येईपर्यंत फिरत राहा. बरेच जण इथे सगळ्या वस्तुमानांना एकच सरासरी न्यूट्रॉनसंख्या लावतात. तसं करू नका. न्यूट्रॉनसंख्येचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो: १३० च्या आसपासचे तुकडे फार कमी न्यूट्रॉन देतात, त्यांचे हलके जोडीदार बरेच जास्त. एकूण गतिज ऊर्जा वाढली की संख्या घटते, तेही धरायला हवं.

एवढं करूनही पसारा ४ ते ५ एककांचा राहतोच, कारण प्रत्येक घटनेत न्यूट्रॉनने नेमका कुठे धक्का दिला ते कळत नाही. सम अणुक्रमांकांची शिखरं साधारण ५ एककांच्या अंतराने येतात, म्हणून ती पुसली जातात. ती पाहायची असतील तर वेगही मोजा. हलक्या तुकड्याचा वेग नॅनोसेकंदाला साधारण १.४ सेंटिमीटर, अर्ध्या मीटरला ३६ नॅनोसेकंद लागतात. १५० पिकोसेकंदांच्या अचूकतेने वेग ०.४ टक्क्यापर्यंत कळतो. वस्तुमानाच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, म्हणून वस्तुमानात ०.८ टक्का, म्हणजे एककाच्या आसपास. ऊर्जेची चूक त्यात मिळवावी लागते.

प्रश्न : तुकड्यांच्या वस्तुमानांच्या आलेखात जड शिखर १४० जवळच का असतं? आणि ते कुठवर टिकतं?

युरेनियमपासून कॅलिफोर्नियमपर्यंत जड तुकडा जवळपास जागचा हलत नाही. वाढलेलं सगळं वस्तुमान हलक्या तुकड्याकडे जातं. पूर्वी याचं श्रेय टिन-१३२ च्या दुहेरी पूर्ण कवचाला (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्हींची कवचं भरलेली) दिलं जाई. मोजणीत मात्र जड तुकड्यांचा अणुक्रमांक ५४ च्या आसपास स्थिर दिसतो, टिनच्या ५० ला नाही. नाशपातीसारख्या आकाराला ५२ आणि ५६ ला मिळणारी कवच-स्थिरता हे २०१८ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला जास्त पटतं.

फर्मियमला हे चित्र उलटतं. फर्मियम-२५६ असमान तुटतं, तर दोनच न्यूट्रॉन जास्त असलेलं फर्मियम-२५८ जवळपास समान. आता दोन्ही तुकडे टिन-१३२ च्या शेजारी येतात, घट्ट गोल राहतात आणि जवळून एकमेकांना ढकलतात. तुकड्यांची एकूण गतिज ऊर्जा देणारं वायोलाचं सूत्र (०.११८९ × अणुक्रमांकाचा वर्ग ÷ वस्तुमानांकाचं घनमूळ + ७.३) युरेनियम-२३६ ला १७० एमईव्ही देतं, ते बरोबर आहे. फर्मियम-२५८ ला ते १९४ देतं, आणि प्रत्यक्षात मुख्य गट २३० च्या वर आहे.

प्रश्न : अमेरिशियम-२४१ चा १ मिलिग्रॅम नमुना विखंडन चेंबरमध्ये ठेवला. अल्फांच्या ढिगात तुकडे हरवतात. थ्रेशोल्ड (ज्याखालच्या पल्स मोजल्या जात नाहीत ती मर्यादा) वाढवावा का?

तो शेवटचा उपाय. १ मिलिग्रॅम म्हणजे सेकंदाला सुमारे १२.७ कोटी अल्फा. १०० नॅनोसेकंदांच्या पल्सखाली सरासरी १३ क्षय येतात, त्यातले निम्मे वायूत. प्रत्येकाने पूर्ण ५.५ एमईव्ही वायूत सोडली तर ३५ एमईव्हीचा पाया तयार होतो आणि त्यावर १४ एमईव्हीचे चढउतार.

इलेक्ट्रोडमधलं अंतर ५ मिलिमीटर करा. वातावरणीय दाबाला अल्फा एवढ्या अंतरात सरळ गेला तर अर्धा-एक एमईव्हीच सोडतो, तुकडा मात्र सुरुवातीलाच सर्वांत जास्त ऊर्जा टाकतो, ३० एमईव्हीच्या वर. मग नमुना दहा प्लेट्सवर वाटा आणि प्रत्येकीला स्वतंत्र प्रीअॅम्प्लिफायर द्या; एकत्र जोडल्या तर वाटण्याचा काही उपयोग नाही. वायू कार्बन टेट्राफ्लुओराइड घ्या. त्यात इलेक्ट्रॉन मायक्रोसेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर जातात, म्हणजे ५ मिलिमीटर ५० नॅनोसेकंदांत. एवढं झाल्यावरच थ्रेशोल्ड ठरवा, आणि त्याखाली राहिलेल्या तुकड्यांची दुरुस्ती सिम्युलेशनने करा.

प्रश्न : गणितात विखंडनाचा क्रॉस-सेक्शन (ते घडण्याच्या शक्यतेचं माप) तिप्पट येतो, आपसूक विखंडनाचं अर्धायुष्य तर दहाच्या पाच घातांनी चुकतं. फुटण्याआधी अणुकेंद्राला ओलांडावा लागणाऱ्या ऊर्जेच्या अडथळ्याची उंची बदलून जुळवू का?

जुळेल, पण कदाचित चुकीच्या कारणाने. हिल-व्हीलर सूत्रात अडथळा ओलांडण्याची शक्यता घातांकी असते. वक्रतेची ऊर्जा (अडथळ्याचा माथा किती अरुंद ते सांगणारी) ०.५ एमईव्ही धरली तर अडथळ्याच्या बऱ्याच खाली ०.१ एमईव्हीच्या फरकाने उत्तर साडेतीन पट बदलतं आणि १ एमईव्हीने साधारण ३ लाख पट. सूक्ष्म मॉडेलांचा अडथळा सहज अर्धा-एक एमईव्हीने इकडेतिकडे होतो, म्हणून तुमची पाच घातांची चूक मला धक्कादायक वाटत नाही.

अडथळ्याला हात लावण्याआधी पातळ्यांची घनता (ठरावीक ऊर्जेला अणुकेंद्राच्या किती अवस्था आहेत ते) पाहा. अडथळ्याला दोन शिखरं असतात: आतल्या शिखरावर अणुकेंद्र अक्षीय सममिती मोडतं, बाहेरच्यावर आरशातली. दोन्हींमुळे घनता वाढते. हे सोडलं तर ती उणीव भरायला अडथळा खोटा कमी करावा लागतो आणि मग शेजारच्या समस्थानिकाला तोच संच चालत नाही. तीन-चार समस्थानिकांना एकत्र बसवून पाहा. ही कसोटी एका वक्राच्या सुंदर जुळणीपेक्षा कडक आहे. या दोन शिखरांमधल्या, म्हणजे दुसऱ्या दरीतल्या अवस्थाही तपासा. प्लुटोनियम-२४० मध्ये न्यूट्रॉन घातला की विखंडनाचे रेझोनन्स (ठरावीक ऊर्जेला उसळणारी शिखरं) सुमारे ६५० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या अंतराने गटागटाने दिसतात. एकाच शिखराचं मॉडेल ते कधीच देणार नाही.

प्रश्न : प्लुटोनियम-२४२ चा नमुना ९९.९९ टक्के शुद्ध आहे. थर्मल (मंद) न्यूट्रॉनला तरीही विखंडन दिसतं. का?

उरलेला ०.०१ टक्का प्लुटोनियम-२३९ असेल तर त्याचे ७४८ बार्न (क्रॉस-सेक्शनचं एकक) एकटेच ०.०७५ बार्न देतात, आणि प्लुटोनियम-२४२ चं स्वतःचं विखंडन त्यापुढे नगण्य आहे. १ एमईव्हीच्या वर ही भेसळ जाणवत नाही. विखंडन जोमाने सुरू होतं त्या ऊर्जेखालचं मोजायचं असेल तर नमुन्याचं वस्तुमान-स्पेक्ट्रोमेट्रीचं प्रमाणपत्र मागवा, आणि त्यावरची तारीख पाहा: प्लुटोनियम-२४१ असेल तर सुमारे १४ वर्षांच्या अर्धायुष्याने त्याचं अमेरिशियम-२४१ होत राहतं, म्हणजे जुन्या नमुन्यात अल्फांचा ढीगही वाढलेला असतो.