आधी कुलाबा बघ
ध्रुवीय प्रकाशाच्या (ध्रुवांकडच्या आभाळात रात्री दिसणाऱ्या रंगीत उजेडाच्या) इतिहासात शिरतोयस ना? मग या प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या बिर्कलंडच्या नॉर्वेला नंतर जा, आधी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बघ. २ सप्टेंबर १८५९ ला तिथे चुंबकीय वादळात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची क्षैतिज (आडवी) तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळली. त्याच वादळात अमेरिकेत बोस्टन-पोर्टलंडचे तारवाले बॅटऱ्या काढून नुसत्या त्या वादळाने तारांत आणलेल्या विजेवर संदेश धाडत होते! फक्त एक सांभाळ: नॅनोटेस्ला हे एकक पुढचं, आणि मूळ वाचनं माणसांनी डोळ्यांनी घेतलेली. दोन वाचनांच्या मधलं काही हाती लागत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने चुंबकीय वाचनं बिघडणार, म्हणून हे काम अलिबागला गेलं, म्हणजे १९०६ नंतरचं सगळं तिकडे. आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) मात्र १८५९ च्या या नोंदींत शोधू नकोस, तो थर दाखवून देणारा ॲपलटन-बार्नेटचा रेडिओ प्रयोग थेट १९२४ चा.