तंबाखू सोडली तर गाडीवर झोप लागेल ना, मॅडम?

आडगाव नाक्यावरचे ट्रकवाले असोत नाहीतर अंबडला कंपनीची बस चालवणारे, ड्रायव्हर लोकांचा हा प्रश्न ठरलेला. एक दादा पिंपळगावहून वाशीला टोमॅटो नेतो (ओळख कळू नये म्हणून थोडं बदललंय), बायकोच तंबाखू सोडवायला माझ्याकडे घेऊन आली होती. बोलता बोलता त्याने पुडी काढली, चुना लावून मळायला पण लागला, मग माझ्याकडे बघून ओशाळला.

विचारलं, बार कुठे कुठे भरता? त्याने रस्ताच सांगितला, निघताना एक, घोटी टोलला एक, कसारा घाट उतरायच्या आधी एक, पडघ्याला एक. म्हटलं घोटीला झोप येत होती का, तर म्हणे छे हो, सवय. गोम इथेच आहे. रक्तातलं निकोटीन साधारण 2 तासांत निम्म्यावर येतं, मग चिडचिड, डोकं जड, लक्ष लागत नाही, आणि पुढचा बार भरला की बरं वाटतं, त्यालाच आपण तरतरी म्हणतो. राहिलेली झोप तंबाखूने भरून निघत नाही, त्याला गाडी बाजूला लावून डोळा मिटणं हाच उपाय.

पण त्याची भीती अगदीच खोटी नाही हां. सोडल्यावर पहिले 2-3 दिवस सगळ्यात वाईट, लक्ष उडतं, काहींना सुस्तीही येते. "आजच फेकून द्या" हे ड्रायव्हरच्या बाबतीत मला पटत नाही, रात्रीच्या ट्रिपच्या तोंडावर तर नाहीच. त्याने मालकाशी बोलून आठवडाभर सुट्टी काढली आणि तेव्हा सोडली.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बार लागायचा, म्हणून डॉक्टरांनी 4 मिलिग्रॅमची निकोटीन गम दिली. ती चघळत बसायची नाही, थोडी चावून झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची आणि तेव्हा चहा बंद, कारण चहाने निकोटीन नीट शोषलं जात नाही. धाब्यावर चहा नाही म्हणजे काय, यावर माझ्याशी वेगळं भांडण! शेवटी ठरलं, आधी चहा, पंधरा-वीस मिनिटांनी गम. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा होता, तो मात्र लगेच डेंटिस्टला दाखवायला लावला. वहिनींना सांगितलं, काही आठवडे खेकसेल, मनावर घेऊ नका.

कसाऱ्याची तलफ अजून येते म्हणतो, तिथे गम तोंडात टाकतो. ज्यांना यायला जमत नाही त्यांनी तंबाखू सोडायच्या सरकारी हेल्पलाइनला, 1800-11-2356 ला फोन लावा, फुकट आहे.