वडील पडले म्हणून रक्त पातळ करायची गोळी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय, वडील ७८ वर्षांचे, हृदयाचे ठोके अनियमित. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये घसरले, म्हणून नातेवाईक म्हणतात गोळी बंद करून ॲस्पिरिन द्या. कृपा करून मनाने बंद करू नका. मी डॉक्टर नाही, पण आईची ही गोळी सात वर्षं मीच सांभाळली.

आमची चूक सांगते. आईची दाढ काढायची होती. रक्त थांबणार नाही या धास्तीने आम्हीच गोळी थांबवली आणि दाढ निघाल्यावर पुन्हा सुरू करायची राहून गेली. अकराव्या दिवशी सकाळी तिच्या उजव्या हातातून कप सुटला, तोंड वाकडं झालं. नीट बोलायला आठ महिने लागले. ठोके अनियमित असले की हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि तीच मेंदूकडे जाते, हे आम्हाला तेव्हा कळलं. एखादी दाढ काढायला बहुतेक वेळा गोळी बंद करावीच लागत नाही, हेही.

ॲस्पिरिनने ते काम होत नाही. २००७ साली इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, असेच अनियमित ठोके असलेल्या, ७५ वर्षं आणि त्यापुढच्या ९७३ रुग्णांवरचा. गंभीर पक्षाघातासारख्या घटना वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या गोळीवर वर्षाला १.८ टक्के, ॲस्पिरिनवर ३.८. मोठा रक्तस्राव दोन्हींकडे जवळपास सारखाच.

गोळी वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) साधारण २ ते ३ मध्ये लागतो, कृत्रिम झडप असेल तर डॉक्टर वेगळा आकडा सांगतात. थंडीत नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मेथी स्वस्त झाली की आमच्याकडे रोज मेथी, आणि आईचा आयएनआर थेट १.५ पर्यंत खाली. पालेभाजी सोडायची नाही, फक्त दर आठवड्याला साधारण सारखीच ठेवायची. ॲपिक्साबॅनसारखी नवी गोळी असेल तर आयएनआर लागत नाही, पण किडनीची तपासणी लागते आणि एकही वेळ चुकवून चालत नाही. गुडघेदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका, त्याने रक्तस्राव वाढतो.

बाथरूममध्ये धरायला दांडी आणि रात्री दिवा एवढं याच आठवड्यात करा.

एक विचारायचं राहिलं. पडले तेव्हा डोकं आपटलं होतं का? आपटलं असेल आणि आता डोकं दुखतंय, झोप जास्त येतेय, चाल बदललीय, तर आजच दवाखान्यात न्या. मेंदूभोवती हळूहळू साचणारं रक्त काही आठवड्यांनीही त्रास देतं.