कळसूबाईच्या पायथ्याला घरातच पाहुण्यांची सोय करायची आहे. जेवणाचं गणित कसं बसवावं?

बारी गावाजवळ चार खोल्या, एका वेळी जास्तीत जास्त बारा पाहुणे, स्वयंपाकाला घरातल्या दोघीजणी. जेवणात काय ठेवावं, किती लागतं आणि लोक नाराज नेमके कशाने होतात, असं तुम्ही विचारलंय. शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या दोन्हींचं उत्तर त्यातच आहे.

चवीवरून तक्रार क्वचित येते. पुण्या-मुंबईहून आलेला माणूस चुलीवरच्या पिठल्याला नावं ठेवत नाही. तो चिडतो ताटकळल्यावर. साडेआठची वेळ सांगितलेली, पान वाढलं दहाला. पहिल्या चौघांना गरम भाकरी आणि शेवटच्या चौघांना गार. हे आळसाने होत नाही, तव्याचा हिशोब न केल्याने होतं. सराईत हातालाही एक भाकरी थापून, भाजून, फुगवून काढायला अडीच-तीन मिनिटं लागतात. बारा जणांच्या चोवीस भाकरी म्हणजे एका तव्यावर तासाच्या वर. म्हणून दोन तवे हवेतच, आणि पंगत सहा-सहाची बसवा. पहिल्या सहांच्या पहिल्या दोन भाकरी होईपर्यंत थापणारीने दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. वाढायला दुसरं माणूस. बारा जणांना एकदम बसवून कुणाचंच भलं होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: पदार्थ चार-पाचच ठेवा, पण भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. पनीर, नूडल्स, तीन भाज्या असली यादी दिली की चूल अडते आणि भाकरी आधी करून ठेवावी लागते. तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी गार झाली की चामट होते. नागलीची, म्हणजे नाचणीची, थोडी जास्त वेळ मऊ राहते. थोडा वेळ ठेवावीच लागली, तर सुती फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवा. स्टीलच्या बंद डब्यात वाफेचं पाणी सुटतं आणि खालच्या दोन-तीन भाकरी ओल्या होतात.

बारा जणांच्या रात्रीच्या जेवणाचं माप असं धरा. भाकरीचं पीठ सव्वादोन किलो, दोन जास्तीच्या निघाल्या तर चालेल. तांदूळ एक किलो, तूरडाळ चारशे ग्रॅम, पिठल्याला बेसन चारशे ग्रॅम आणि पाणी साधारण अडीच लिटर. सोबत कांदा, लिंबू, ठेचा, भाजलेले शेंगदाणे. ठेचा नेहमी वेगळा वाढा आणि पिठलं मध्यम तिखट ठेवा. लहान मुलं असतात, आणि ज्याला झणझणीत हवं तो ठेच्याने तिखट करून घेतो.

पिठल्यात गुठळ्या होतात त्या बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकल्यावर. ते आधी गार पाण्यात कालवून घ्या. फोडणीत पाणी घालून उकळी आली की कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. मग झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं रटरटू द्या. घाईत उतरवलेल्या पिठल्याला कच्च्या पिठाचा वास येतो, आणि शहरातल्या माणसालाही तो लगेच कळतो. पिठलं बसलं की घट्ट होतं. दुसरी पंगत बसण्याआधी वाटीभर कढत पाणी घालून एकदा हलवा.

नागलीची भाकरी तुमच्या भागाची ओळख आहे, ती ठेवाच. पण ती उकड काढूनच करा. पिठाइतकंच पाणी मापून मीठ घालून उकळायचं, पीठ वैरायचं, झाकून पाच मिनिटं ठेवायचं आणि सोसेल तितकं गरम असतानाच मळायचं. गार झालेली उकड थापताना कडेने चिरते. भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवा आणि लगेच पाण्याचा हात फिरवा. ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. पाणी लावायला उशीर झाला की वरून भेगा पडतात, भेगेतून वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा. जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळलं तरी ते जुळून येत नाही. पावसाळ्यात तर डबा घट्ट लागेल याची खात्री करा.

'डोंगरावर डाळ शिजत नाही' असं पाहुण्यांना सांगायची पद्धत आहे. आठ-नऊशे मीटरवर पाणी साधारण 97 अंशांला उकळतं, तेवढ्याने डाळ अडून बसत नाही. बहुतेक वेळा डाळ जुनी असते, विहिरीचं पाणी जड असतं, किंवा चिंच-आमसूल आधीच पडलेलं असतं. अर्धा तास भिजवा, आंबट शेवटी घाला, कुकर वापरा.

गावठी कोंबडी मागणारे बरेच येतात. ही आयत्या वेळी द्यायची गोष्टच नाही. दीड किलोच्या जिवंत कोंबडीतून साफ करून किलोभर मटण निघतं, ते चार-पाच जणांना पुरतं, आणि गावठी मांस शिजायला तास-सव्वा तास घेतं. म्हणून आदल्या दिवशी सांगणाऱ्यालाच मिळेल आणि दर वेगळा पडेल, हे फोनवरच ठरवा. कांदा-खोबरं भाजून त्याचं वाटण सकाळीच करून ठेवा. पावसाळ्यात वीज संध्याकाळी गेली की मिक्सर बंद आणि रस्सा अडकला. पाटा-वरवंटा अंगणात शोभेला ठेवण्यापेक्षा धुऊन तयार ठेवा. शाकाहारी माणसं असतील तर त्यांच्या पिठल्याचं पातेलं, पळी, वाढपी डाव सगळं वेगळं. आणि ते वेगळं आहे हे न विचारताच सांगा. तेवढ्या एका वाक्याने समोरचा निश्चिंत जेवतो.

नवरात्रात कळसूबाईला भाविकांची गर्दी असते आणि त्यात उपवासाचे खूप. वरई तुमच्याच डोंगरातलं पीक, तेव्हा भगर आणि दाण्याची आमटी सहज जमते. एका वाटी भगरीला तीन वाट्या पाणी घ्या. इथे मात्र डोळ्यांत तेल घालून काम करा. भगरीला बुरशी लवकर धरते, आणि उपवासाच्या दिवसांत भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या राज्यात पुन्हा पुन्हा येतात. सुटं, कधीचं दळलंय ते माहीत नसलेलं भगरीचं पीठ घेऊ नका. अख्खी वरई घ्या, निवडून धुवा, कुबट वास आला तर फेकून द्या. दुपारचा उरलेला भात रात्री परतून वाढण्याबद्दलही हेच. तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात तयार होणारं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

पाणी हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. पावसाळ्यात झऱ्याचं, विहिरीचं पाणी गढूळ येतं. तुरटीने फक्त गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. वरचं निवळलेलं पाणी गाळून खळखळून उकळा, एखादं मिनिट उकळी टिकू द्या आणि झाकणाच्या, तोटीच्या पिंपात भरा. तांब्या बुडवून पाणी काढायचं पिंप नको. कुणी पोट बिघडून परत गेलं, तर बाकी सगळी मेहनत पाण्यात जाते.

आंघोळीच्या पाण्याचाही असाच हिशोब करा. भिजून आलेल्या माणसाला अर्धी बादली कढत पाणी लागतं, म्हणजे दहा लिटर. बारा जणांचं 120 लिटर. चाळीस लिटरचा बंब असेल तर तो तीनदा तापवावा लागणार. तेव्हा ट्रेकवरून मंडळी उतरायला लागली की त्यांना फोन करायला सांगा, आणि फोन आला की बंब पेटवा. लोखंडी शिड्या ओलांडून खाली यायला वेळ लागतो. तेवढ्यात पहिला बंब तापतो.

सूर्योदयासाठी चढणारे रात्री दोन-अडीचला निघतात. त्यांना पोहे नकोत, नुसता चहा आणि बिस्किटं द्या. बारा जणांना दीडशे मिलिचा एकेक कप म्हणजे एक लिटर दूध, एक लिटर पाणी, पस्तीस-चाळीस ग्रॅम चहा पावडर. गवती चहा असेल तर दोन-तीन पाती. दहा-अकराला ते परत येतात ते कडकडून भूक घेऊन. तेव्हा किलोभर जाड पोहे बारा जणांना जेमतेम पुरतात, दीड किलोची तयारी ठेवा. पोहे भिजवून ठेवू नका, माणसं अंगणात दिसली की धुवा. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी येणाऱ्यांचं उलटं असतं. त्यांना अंधार पडल्या पडल्या बाहेर पडायचं असतं, म्हणून जेवण सातलाच काढा किंवा साडेनऊनंतर. मधली वेळ देऊच नका. आणि अंगणातला मोठा दिवा बंद ठेवा, झगझगीत उजेडात काजवे दिसत नाहीत.

पैशांचं सगळं आधी आणि लेखी. व्हॉट्सॲपवर एकच संदेश तयार ठेवा: माणशी किती, त्यात किती जेवणं आणि किती चहा, मुलांचा दर, कोंबडीचा वेगळा दर, आणि 'रेंज जाते, थोडी रोख जवळ असू द्या'. त्याच संदेशात शाकाहारी किती, उपवास कुणाचा, कांदा-लसूण न खाणारं कुणी आहे का आणि घाटाखालून किती वाजता निघणार हे विचारा. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या, आणि पाहुण्यांच्या स्वयंपाकाला घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर चालत नाही, 19 किलोचं व्यावसायिक घ्या.

वाढण्याबद्दल एकच. आग्रह करा, पण ताटात परस्पर टाकू नका. 'अजून एक टाकू का तव्यावर?' असं भाकरी थापायच्या आधी विचारायचं. हो म्हटलं तर गरम मिळते, नको म्हटलं तर पीठ वाचतं. आणि ज्या बाई भाकरी थापतायत त्यांना शेवटच्या पंगतीला पाहुण्यांबरोबरच बसवा; त्यांच्या वाटणीच्या भाकरी त्या वेळी दुसऱ्या कुणीतरी भाजायच्या.