खोल समुद्रातल्या ऑक्टोपसना शाई का नसते? मग ते उथळ पाण्यातल्यांपेक्षा दुबळेच म्हणायचे ना?

शाई म्हणजे धुराचा पडदा. समोरच्याला दिसत असेल तरच त्याचा उपयोग. हजार मीटरच्या खाली उन्हाचा कणही पोचत नाही, तिथे काळोखात काळं ओतून काय साधणार? म्हणून तिथल्या बऱ्याच जातींत शाईची पिशवीच राहिलेली नाही.

पण "दुबळे" हा शब्द वाचला आणि मला राहवेना. माझ्या लेकीनं आठवीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी ग्रॅनेलेडोन बोरिओपॅसिफिका या जातीची मादी मातीत घडवली होती. एक नाही, चार. पहिली जांभळी, दुसरी जरा फिकी, चौथी पांढरट, डोळे धुरकट. प्रत्येकीच्या बाहूंखाली अंडी म्हणून पांढरे मणी चिकटवलेले. परीक्षकांनी एक नजर टाकली. "शाईची पिशवी दाखवलेली नाही, आणि शेवटच्या मूर्तीचा रंग उडालाय." दोन्हीचे गुण कापले.

रंग उडालेला नव्हता हो! तीन संध्याकाळी बसून तिनं तो पायरीपायरीनं उतरवत आणला होता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मॉन्टेरे दरीत, सुमारे 1400 मीटर खोलीवर, 2007 च्या मे महिन्यात शास्त्रज्ञांना अशी मादी अंड्यांवर बसलेली दिसली. अंगावरच्या व्रणांवरून ती ओळखू यायची. पुढची साडेचार वर्षं ते पुन्हा पुन्हा खाली गेले, दर वेळी ती त्याच खडकावर. शेजारून खेकडे, कोळंबी गेली तरी धरली नाही. पाणबुडी यंत्राच्या हातानं खेकड्याचा तुकडा पुढे केला, तोही नाही. कातडी सैल पडत गेली, रंग उतरत गेला. ऑक्टोबर 2011 मध्ये खडकावर फक्त अंड्यांची फाटकी टरफलं उरली होती. 53 महिने! इतका काळ अंडी राखल्याची नोंद दुसऱ्या कुठल्याच प्राण्याची नाही. पाणी जेमतेम 3 अंशांचं, म्हणून पिल्लं सावकाश वाढतात; पण अंड्यातून निघतात ती चांगली मोठी, स्वतःची शिकार करण्याजोगी. याला दुबळं म्हणायचं?

त्याच भागात डेव्हिडसन सागरी पर्वताजवळ 3200 मीटरवर दुसऱ्या जातीच्या हजारो माद्या तळातून झिरपणाऱ्या कोमट पाण्यापाशी गोळा होतात. तिथे अंडी दोन वर्षांच्या आत फुटतात. जागा निवडणं हेसुद्धा बळच.

बचावाचं थोडक्यात: कित्येक जाती गडद लाल किंवा जांभळट असतात, आणि लाल प्रकाश तिथवर उतरतच नसल्यानं लाल अंग काळंच भासतं. "डम्बो" ऑक्टोपस डोक्यावरचे पंख हलवत पोहतात. मात्र खोल पाण्यातल्या सगळ्याच जातींना शाई नसते असं नाही, काहींकडे पिशवी अजून आहे.

मुलांना शिकवत असाल तर "ऑक्टोपस शाई सोडतो" या वाक्यात "बरेच" हा शब्द घाला. आणि परीक्षक म्हणून गेलात, तर गुण कापण्याआधी रंग फिका का आहे ते त्या मुलीला विचारा. आमच्या वेळी कुणी विचारलं नाही, आणि ती उत्तर तयार ठेवून दिवसभर उभी होती.