सीट घेण्याआधी ओपीडी बघ

अभिनंदन रे! एमबीबीएससाठी घराजवळचं खासगी मेडिकल कॉलेज की दूरचं सरकारी, यात फार घोळ घालू नकोस, सरकारी घे. साडेचार वर्षं शिक्षण, वर बारा महिने इंटर्नशिप, एवढ्या काळात हाताखालून पेशंट गेले पाहिजेत. चकचकीत इमारत सोड, सकाळची ओपीडीची रांग बघ. वॉर्डातल्या खाटा भरलेल्या असतात का, रात्री लेबर रूममध्ये टाके घालायला मिळतात का, हे तिथल्याच इंटर्नला चहा पाजून विचार. (डीन सांगणार नाहीत!) कॉलेज नवं असेल तर शिक्षकांच्या जागा भरल्यात का तेही. सरकारीतल्या एक वर्षाच्या बॉण्डला, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेला, घाबरू नकोस. आणि कॅप राउंडला (केंद्रीय प्रवेश फेरीला) कॉलेजांचे पर्याय आवडीच्या क्रमाने भर, मार्कांचा अंदाज बांधून नव्हे.